जुन्या यंत्राचा अलार्म नेटवर्कवर कसा येतो?

आरएस-२३२ : सीरियल जोडणीचे (एकामागून एक बिट पाठवण्याचे) १९६०चे अमेरिकी मानक. एका केबलवर दोनच उपकरणे, अंतर साधारण १५ मीटर. जुन्या यूपीएसच्या मागचे नऊ पिनांचे पोर्ट बहुधा हेच.

आरएस-४८५ : १९८३. एकाच लाइनवर ३२ उपकरणे, १२०० मीटरपर्यंत.

सीरियल डिव्हाइस सर्व्हर : सीरियल पोर्टवरचा डेटा इथरनेटवर पोचवणारी छोटी पेटी. साधी पेटी त्याचा अर्थ लावत नाही. पेटीचा बॉड रेट (डेटाचा वेग) यंत्राच्या ९६००ऐवजी १९२०० ठेवला, तर पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटतात.

अलार्मच्या दोन तऱ्हा : काही यंत्रे बिघाड होताच मजकुराची ओळ स्वतःहून पाठवतात. सॉफ्टवेअर ती वाचून देखरेख केंद्राला ‘ट्रॅप’ पाठवते, म्हणजे एसएनएमपी या नेटवर्क-देखरेखीच्या प्रोटोकॉलमधला सूचना-संदेश (यूडीपी पोर्ट १६२). ट्रॅपची पोच मिळत नाही, ‘इन्फॉर्म’ या दुसऱ्या प्रकारच्या संदेशाची मिळते. मॉडबस या प्रोटोकॉलवरची (१९७९) यंत्रे मात्र विचारल्याशिवाय उत्तर देत नाहीत. त्यांना दर काही सेकंदांनी विचारत राहावे लागते.

हे विसरू नये : लाइन शांत म्हणजे यंत्र ठीक, असे नाही. केबल निघाली तरी लाइन शांतच असते. म्हणून ठरावीक वेळात काहीच आले नाही, तर तोही अलार्म धरतात.

सुरक्षा : मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोय नाही. अशी यंत्रे वेगळ्या नेटवर्कवर ठेवतात.