मोठे पातेले आणि घरची चूल

गेल्या दिवाळीस आमचा भाचा विलायतेहून औरंगाबादेस, म्हणजे हल्लीच्या छत्रपती संभाजीनगरास, आला होता. तिकडे तो आपल्या घरी जवाची बिअर करितो. त्या देशात १९६३ सालापासून स्वतःपुरती बिअर घरी करण्यास परवाना लागत नाही. अमेरिकेतही १९७८ च्या कायद्याने तशी मोकळीक मिळाली. भाच्याचा बेत असा की, मामाच्या शेतात जव पेरावा आणि येथेच एक पातेले चढवून दाखवावे. मामाचा जन्म तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेलेला. तेव्हा आम्ही प्रथम कायदा पुढे ठेविला. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा असून, बिअर ही त्या कायद्याने मद्यच होय. घरापुरती केली, विकली नाही, ही सबब तेथे चालत नाही. वाळूजच्या कारखान्यांत बिअर होते ती परवान्याने. आणि २०१६ च्या दुष्काळात त्यांच्याही पाण्यात कपात करण्याचा हुकूम येथील खंडपीठाने दिला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

बिअर अशा रीतीने राहिली, परंतु प्रश्न राहिला. भाचा तिकडे नवे घर घेत असून त्यास चूल निवडावयाची होती. इकडे आमची भगिनी आल्याचा पाक व ज्वारीची आंबील मोठ्या प्रमाणावर करू पाहते. तिचीही अडचण तीच. म्हणून आम्ही पंचवीस लिटर निव्वळ पाणी घेऊन प्रयोग करण्याचे ठरविले. पाण्यास कायद्याची आडकाठी नाही.

बिअर करणारास चुलीकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी हव्या असतात. मोड आणून वाळविलेला व भरडलेला जव पाण्यात घालून सुमारे ६५ ते ६८ अंश उष्णतेवर तासभर ठेवावा लागतो. तेवढ्यात पिठाची साखर होते. येथे आच मंद व स्थिर पाहिजे. पुढे तो गोड काढा गाळून, हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून, तासभर खळखळून उकळावा लागतो. येथे आच प्रखर पाहिजे, आणि झाकण पूर्ण ठेवून चालत नाही; कारण जवातील एक दुर्गंधी द्रव्य वाफेबरोबर निघून जावयाचे असते. पहिला फेस येतो तेव्हा काढा दुधासारखा उतू जातो, त्या वेळी आच तत्काळ कमी करता आली पाहिजे. आंबील आणि पाक यांचीही तऱ्हा फारशी निराळी नाही. बुडास लागणे हा दोष तिन्हींत समान.

आता हिशेब पाहू. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास लागते ती उष्णता एक उष्णांक धरावी. पंचवीस लिटर पाणी २५ अंशांपासून १०० अंशांपर्यंत नेण्यास १८७५ उष्णांक लागतात. पुढे तासाभरात अडीच लिटर वाफ होऊन गेली, तर लिटरास ५४० प्रमाणे आणखी १३५० लागले. पातेल्याच्या अंगावरून हवेत जाते ते वेगळेच.

घरगुती गॅसच्या शेगडीचा मोठा बर्नर तासास दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस जाळतो. एका किलो गॅसची उष्णता सुमारे ११,००० उष्णांक. पैकी शेकडा साठ पातेल्यास पोचली असे मानिले, तरी तासास हजार-तेराशे उष्णांकच हाती लागतात. याचा अर्थ असा की, उकळी येण्यास दोन तास मोडावे आणि आली तरी ती मध्यभागी नावापुरती असावी. आमच्या प्रयोगात तसेच घडले. पातेल्यावर झाकण ठेविले तेव्हा कोठे उकळी दिसली. झाकण काढताच ती बसली.

येथे आम्ही एक चूक केली, ती न लपविता सांगतो. एक बर्नर पुरत नाही म्हणून पातेले दोन बर्नरांवर मिळून आडवे सरकविले. पातेल्याचे रुंद बूड शेगडीबाहेर आले, खाली दबलेली धग मागे फिरून बटणांवर व रबरी नळीवर आली. नळीस पाच वर्षांत बदलावे असे सांगतात; आमची त्याहून जुनी होती. कागदपत्रांच्या मुदती आयुष्यभर तपासणाऱ्या माणसास हे शोभण्यासारखे नव्हते. वास भगिनीस प्रथम आला, आणि तिने धावत जाऊन सिलिंडरच बंद केला. नळी हातात घेतली तो ती मऊ झालेली. भरल्या पातेल्याचे वजन तीस किलोच्या घरात जाते. काचेच्या माथ्याची शेगडी असल्या भारासाठी केलेली नसते, हेही त्याच दिवशी ध्यानात आले.

विजेची इंडक्शन शेगडी दोन हजार वॅटची घेतल्यास तासास सुमारे १७२० उष्णांक देते, व त्यांतील बराच मोठा भाग पातेल्यातच जातो. दीड तासात उकळी येते, ६५ अंशांवर मंद ठेवणेही सोपे, आणि धूर अगर ज्योत नाही. परंतु पातेल्याचे बूड सपाट व लोहचुंबक धरणारे पाहिजे. तांबे, पितळ व ॲल्युमिनियम तिजवर तापत नाहीत. तिला जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून भिंतीतील साधी सहा अँपिअरची खोबणी न वापरता सोळाची बसवून घ्यावी. वीज जाते तेव्हा काय करावे, हे गावकऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

हलवायाकडील लोखंडी भट्टी घरगुती बर्नराच्या तिप्पट-चौपट आच देते. वजन पेलते, खळखळ उकळी येते. मात्र घरच्या सिलिंडरचा रेग्युलेटर अल्प दाबाचा असतो. भट्टीस वेगळा लागतो, आणि विक्रीचा माल करणारास घरगुती सिलिंडर वापरण्याची मुभा नाही, १९ किलोचा व्यापारी सिलिंडरच घ्यावा लागतो. भट्टी कोंडलेल्या स्वयंपाकघरात कदापि पेटवू नये. विषारी वायू डोळ्यांस दिसत नाही.

लाकडाचे चुलाण आपल्या ओळखीचे. उघड्या चुलीत लाकडाच्या उष्णतेचा दहावा हिस्सा जेमतेम पातेल्यास मिळतो. आमच्या पाण्यास आठ-दहा किलो कोरडे सरपण लागले असते. गुऱ्हाळात चिपाडे फुकट असतात म्हणून ते परवडते. आच मंद करणे म्हणजे लाकूड बाहेर ओढणे. काढा उतू जाऊ लागला की तितका वेळ मिळत नाही.

भाच्याने तिकडे विजेची शेगडी पक्की केली आहे. भगिनीने पडवीत भट्टी बसविली, सिलिंडर भिंतीपलीकडे ठेविला, नळी नवी घेतली आणि तिची तारीख आम्ही भिंतीवर खडूने लिहून ठेविली. विजेची शेगडीही तिला आवडली होती, परंतु त्यासाठी पातेले बदलावे लागेल. आणि सासूबाईंचे ॲल्युमिनियमचे पातेले मोडीत द्यावयास ती अद्याप राजी नाही.