निर्बीजीकरणानंतर मांजरीची देखरेख

न्हावा शेवा येथे १९८९ साली बंदर सुरू झाले. तथापि भाताची कणगी व सुक्या मासळीचा साठा जेथे आहे, तेथे उंदरांचा उपद्रव असावयाचाच. उंदरांच्या मूत्रातून पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस हा रोगही पसरतो. या दृष्टीने मांजर उपयुक्त होय. परंतु ती सुमारे नऊ आठवड्यांत विते व पिलांची संख्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून बीजांडकोश, व बहुधा गर्भाशयही, शस्त्रक्रियेने काढून टाकणे हितावह ठरते. पहिल्या वर्षाच्या आत ती केल्यास स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही बराच घटतो. मात्र पुढे काही तक्रारी उद्भवू शकतात; त्या वेळीच ओळखाव्यात.

पुन्हा माज येणे : काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनीही, मांजर पुन्हा माजावर येऊन ओरडू लागते, लोळते व मागील अंग उचलते. बीजांडकोशाचा लहानसा अंश पोटात राहिल्याचे हे लक्षण समजावे. माज असतानाच तिला पशुवैद्याकडे न्यावे. त्या काळात तो अंश सापडणे सुलभ असते. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

पू होणे : असा अंश राहिल्यास गर्भाशयाच्या उरलेल्या टोकात पू साचण्याचा संभव असतो. योनीतून दुर्गंधीयुक्त स्राव, अन्नावरील वासना उडणे, वांती व वारंवार पाणी पिणे ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. हा विकार प्राणघातक ठरू शकतो.

लठ्ठपणा : ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. शस्त्रक्रियेनंतर अन्नाची गरज सुमारे पावपट कमी होते, भूक मात्र वाढते. अतिलठ्ठ मांजरीस मधुमेह जडण्याची भीती असते. यास्तव खाणे मोजून द्यावे. शस्त्रक्रियेने मांजर उंदीर मारीनाशी होते, हा समज निराधार आहे. लठ्ठपणाने मात्र ती मंदावते.

टाक्यांच्या जागी फुगवटा आल्यास तोही दाखवावा. माणसांची पॅरासिटामॉलची गोळी मांजरीस विषासमान असल्याने कदापि देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शस्त्रक्रियेची तारीख मालकास नोंदवून ठेवावयास सांगावे. गुंतागुंतीच्या प्रसंगी परळ येथील, १८८६ साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा सल्ला घेता येतो. २०२४ साली खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे तेथवरचे अंतर कमी झाले आहे. एक शस्त्रक्रिया व थोडी देखरेख एवढ्याने मांजर दीर्घकाळ घराची राखण करील.