एक कोटी हेलकाव्यांचा हिशेब

पाचाडला जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेतलं की बरीच माणसं हिरकणीवाडीत रायगडच्या रोपवेच्या रांगेला लागतात. पायऱ्या सतराशेच्या वर. ट्रॉली सुमारे 400 मीटरची चढण चार मिनिटांत उरकते. आता एक खुळा हिशेब करू. 1674 साली गडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला त्या दिवसापासून ही ट्रॉली एकही सुट्टी न घेता रोज 78 फेऱ्या मारत आली असती, तर आज कुठे एक कोटीचा आकडा भरला असता.

खाली महाडच्या एमआयडीसीत मिनिटाला 2,900 फेरे घेणारा पंप तोच आकडा 58 तासांत गाठतो. सोमवारी सकाळी सुरू केला, बुधवारी संध्याकाळी एक कोटी!

एक कोटीच का? पंपाचा दांडा दर फेऱ्याला किंचित वाकतो आणि सरळ होतो. तेवढ्याने काही होत नाही, पण पोलाद मोजदाद विसरत नाही. एखाद्या ताणाखाली ते एक कोटी हेलकावे तगलं, तर पुढेही तगेल असं इंजिनिअर धरून चालतात. अर्थात प्रयोगशाळेतल्या कोरड्या, गुळगुळीत तुकड्यापुरतं. कोकणच्या दमट हवेत गंज चढला की ही हमी संपली. केसाएवढी चीर पडते, रोज थोडी सरकते आणि एक दिवस दांडा खडूसारखा तुटतो.

चीर पाडायला जोर लागतो तरी किती? या पंपाच्या फिरत्या चाकावर, मध्यापासून 15 सेंटिमीटरवर, 10 ग्रॅमचा मळ बसला असं समजा. 2,900 फेऱ्यांना तो बेअरिंगला सुमारे 14 किलोच्या जोराने ओढतो. सेकंदाला 48 वेळा चहूबाजूंनी. वेग दुप्पट केला तर जोर चौपट.

त्यातून प्रत्येक वस्तूची स्वतःची लय असते. धक्का त्याच लयीत बसत गेला की हेलकावे वाढतच जातात. 750 मीटरचा पोलादी दोर मधे आधार न देता ताणला आणि एका टोकाला दणका दिला, तर लाट पलीकडे जाऊन परत यायला, ताणाप्रमाणे, सात ते दहा सेकंद लागतात. हीच त्या दोराची लय; हा वेळ मोजून दोराचा ताण काढता येतो. कोयना धरणाची लय फार जलद, सेकंदाला सुमारे तीन हेलकावे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपात भिंतीला आडवा बसलेला हादरा गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याजवळ गेला. आराखड्यात धरला होता विसावा हिस्सा. 103 मीटरच्या भिंतीला भेगा पडल्या त्या वरच्या भागात, जिथे तिचा उतार एकदम बदलतो तिथे. धरण टिकलं. नंतर भेगा बुजवून मागे काँक्रीटचे आधार दिले.

माझ्या मते कोयनेइतकंच आपल्या शेडमधल्या पंपाकडे लक्ष हवं. भूकंप क्वचित येतो, पंप रोज चालतो. त्याच्या चौकटीची लय फिरण्याच्या वेगापासून निदान वीस टक्के दूर ठेवा, चाक समतोल करून घ्या, आणि पायाचा बोल्ट सैल दिसला तर उद्यावर टाकू नका. उद्यापर्यंत आणखी 41 लाख 76 हजार फेरे होतात.