एमएच ३८ : हिंगोलीच्या नंबराची गोष्ट

हिंगोली बसस्थानकावर भाचीनं विचारलं, "मामा, या एसटीवर ३८ ऐवजी २० का?" प्रश्न माझ्या आवडीचा!

नंबरांची ही पद्धत १९८९ पासूनची. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पुढचे दोन अंक आरटीओ कार्यालयाचे. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात, म्हणून २२.

१ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा झाला, पुढे ३८ मिळाला. शेजारचं वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून वेगळं झालं, त्याचा ३७.

नंबरातले शेवटचे चार अंक ९९९९ पर्यंत संपले की त्यांच्या आधीची अक्षरं बदलतात. आय आणि ओ वगळतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात.

आणि एसटी? बऱ्याच गाड्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत बांधल्या जातात, म्हणून छत्रपती संभाजीनगरचा २०.

तुमच्या गाडीच्या नंबराबद्दल काही विचारायचंय? कमेंटमध्ये लिहा, नक्की सांगतो.