रोशा तेल

रोशा तेल (अन्य नावे : रोशेल तेल, पामारोजा तेल) हे रोशा नावाच्या सुगंधी गवतापासून ऊर्ध्वपातनाने मिळणारे बाष्पनशील तेल आहे. त्याचा वास गुलाबाच्या वासाशी इतका मिळताजुळता असतो की, सुगंधचिकित्सेत (अरोमाथेरपीत) त्याची गणना पुष्पगंधी तेलांतच केली जाते. वस्तुतः ते फुलाच्या पाकळ्यांतून निघत नाही, तर फुलोऱ्यावर आलेल्या गवतातून निघते. महाराष्ट्रात या तेलाचे जुने केंद्र म्हणजे खानदेश. धुळे जिल्ह्यातील पिंपळनेर हे त्याच्या उत्पादनाचे मूळ ठिकाण मानले जाते. अंगदुखीवर चोळण्याचे तेल म्हणून ते आजही वापरले जाते. मात्र ते तीव्र तेल असल्याने पातळ न करता लावणे, पोटात घेणे किंवा भेसळीचे तेल वापरणे अपायकारक ठरू शकते.

वनस्पती व नावे

रोशा गवताचे शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनाय असे आहे. संस्कृतात त्याला रोहिष, मराठीत रोशा, रोशेल गवत किंवा तिखाडी, तर हिंदीत रूसा म्हणतात. शास्त्रीय नावातील ‘मार्टिन’ म्हणजे लखनौचे जनरल क्लोद मार्तें. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धाच्या काळात त्यांनी या गवताचे बी मिळवून लखनौला लावले व पुढे ते कलकत्त्यास पाठविले. तेथे विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचे वर्णन करून त्यास मार्तें यांचे नाव दिले. गवती चहा आणि सिट्रोनेला ही याच प्रजातीतील भावंडे आहेत. तिन्ही गवते दिसायला सारखी असली, तरी त्यांच्या तेलांचे घटक आणि गुण वेगळे आहेत. एकाच्या जागी दुसरे वापरणे योग्य नाही.

रोशा गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार आहेत. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या डोंगरउतारांवर विरळ वाढते व त्यापासून खरे रोशा तेल मिळते. सोफिया ओलसर जागी दाट वाढते. त्याच्या तेलास व्यापारात ‘जिंजरग्रास तेल’ म्हणतात. त्याचा वास उग्र व भावही कमी असतो. खानदेशातील जुने भट्टीवाले मात्र ही नावे निराळ्या अर्थाने वापरीत. फुलोरा कोवळा, निळसर पांढरा असेल तोवर गवत ‘मोतिया’ आणि तोच पिकून तांबूस झाला की ‘सोनफिया’, अशी त्यांची वाटणी होती. हे दोन वनस्पतीचेच वेगळे प्रकार असल्याचे पुढे स्पष्ट झाले. जुने ग्रंथ वाचताना हा फरक ध्यानात न घेतल्यास गोंधळ होतो.

घटक

रोशा तेल फिकट पिवळे, पाण्याहून हलके आणि पातळ असते. त्यात जिरॅनिऑल या अल्कोहोलचे प्रमाण बहुधा ७० ते ८५ टक्के असते. त्याखालोखाल जिरॅनिल ॲसिटेट येते, तर लिनालूल व कॅरियोफायलिन थोड्या प्रमाणात असतात. जिरॅनिऑल हाच गुलाबाच्या तेलाचाही एक प्रमुख घटक असल्यामुळे या गवताला गुलाबाचा वास येतो. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओस्कार याकोब्सेन यांनी जिरॅनिऑल प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले, ते भारतातून येणाऱ्या याच गवताच्या तेलातून. त्या काळी या तेलाला युरोपात ‘जिरेनियम तेल’ म्हणत. जिरेनियमच्या झुडपाशी त्याचा काही संबंध नव्हता, तरी नाव मात्र त्या द्रव्याला कायमचे चिकटले.

खानदेशातील भट्ट्या

डिमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात (१८९० ते १८९३) खानदेशातील तेलनिर्मितीचे सविस्तर वर्णन आढळते. त्यानुसार हे गवत खानदेशाच्या पश्चिम भागातील उघड्या डोंगरउतारांवर, विशेषतः अक्राणीत उगवत असे. पिंपळनेरच्या आसपास ते दुर्मीळ होत गेले, तशा भट्ट्या नंदुरबार, शहादा व तळोद्याकडे सरकल्या. (हा सारा मुलूख तेव्हा एकाच खानदेश जिल्ह्यात होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांतूनच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निर्माण झाला.)

पावसाळा सरता सरता, सप्टेंबरच्या सुमारास, मुसलमान कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत आणि लाकूड व पाणी मुबलक असेल अशा ओढ्याच्या काठी भट्टी लावीत. सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट खोल खड्डा खणून त्यावर तांब्याचा किंवा लोखंडाचा हंडा ठेवला जाई. त्यात पाणी ओतून चिरलेले गवत काठोकाठ भरीत आणि झाकण गव्हाच्या कणकेने लिंपून घट्ट बसवीत. झाकणाच्या भोकातून निघणारी बांबूची नळी कापडाने गुंडाळून, त्यावर उडदाच्या पिठाचा लेप देऊन दोरीने आवळलेली असे. ही नळी वाहत्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या बंद हंड्यात जाई. वाफ तेथे थंड होऊन साचत राही. हंडा भरला की तो हलू लागे, हीच नळी काढण्याची खूण. मग द्रव तिसऱ्या भांड्यात ओतून ढवळीत आणि वर आलेले तेल हळुवार काढून घेत. उरलेले पाणी टाकून न देता नव्या गवताबरोबर पुन्हा हंड्यात जाई. तेल काढल्यावरही त्या पाण्यात थोडा सुगंधी अंश राहतो, हे पाहता ही काटकसर शहाणपणाचीच होती.

१८७९-८० मध्ये अशा १९७ भट्ट्या चालू होत्या व त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे अंदाजे ३,६०० किलो तेल निघाले. तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर कोंडाईबारी घाटातून सुरतेला किंवा धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जाई.

गुलाबाच्या नावाने

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रावरील बंदरांकडे व तेथून तुर्कस्तानात जाई. तेथे लिंबाच्या रसाने आंबटविलेल्या पाण्यात ते घुसळून उन्हात ठेवीत. त्यामुळे रंग उतरे व वास मऊ होई. हे संस्कारित तेल ऊर्ध्वपातनापूर्वी गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडले जाई आणि शेवटी महागड्या गुलाबतेलाच्या कुपीतून युरोपात पोहोचे. सातपुड्याच्या उतारावरचे गवत अशा रीतीने गुलाब म्हणून खपत होते. भेसळ एकाच बाजूने होत नव्हती. मुंबईतील व्यापारी खुद्द रोशा तेलातही टर्पेंटाइन, भुईमूग, मोहरी वा जवसाचे तेल मिसळीत, अशी नोंद वरील ग्रंथात आहे. आजही ‘गुलाबतेल’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या कुपीत रोशा तेल किंवा कृत्रिम जिरॅनिऑल असण्याचा संभव असतो. वासापुरता हा व्यवहार फार तर ग्राहकाची फसवणूक ठरतो. तेल अंगाला लावायचे असेल, तर मात्र प्रश्न आरोग्याचा होतो.

उपयोग

सुगंधद्रव्ये, साबण आणि तंबाखूचे पदार्थ सुवासिक करणे हा या तेलाचा मोठा औद्योगिक उपयोग आहे. लोकव्यवहारात ते सांधेदुखी, कंबरदुखी व मुका मार यांवर चोळले जाते. या मर्दनाने त्वचा ऊबदार होते, स्पर्शाने व गंधाने आराम वाटतो. मात्र त्यामुळे संधिवात बरा होतो असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. सांधा सुजून लाल झाला असेल किंवा ताप असेल, तर चोळण्याऐवजी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे यांनी रूढ केला. त्यांचा या नावाचा ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीत रोशा तेल कोरड्या त्वचेच्या मालिशसाठी, तसेच मन शांत करणारा गंध म्हणून वापरतात. गुलाबतेलाच्या मानाने ते फारच स्वस्त असल्यामुळे घरगुती वापरात त्यास पसंती मिळते.

जिरॅनिऑल काही बुरशी व जिवाणूंची वाढ प्रयोगशाळेत रोखते. डास दूर ठेवणाऱ्या काही द्रव्यांतही ते असते. परंतु ते लवकर उडून जात असल्याने त्याचा परिणाम फार काळ टिकत नाही. हिवताप किंवा डेंग्यूच्या दिवसांत मच्छरदाणीला ते पर्याय होऊ शकत नाही. सूक्ष्म कृमींवर जिरॅनिऑलचा मारक परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. तेवढ्यावरून जंतांसाठी हे तेल पोटात घेण्याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. काचपात्रातील कृमी आणि मुलाचे पोट यांत फार अंतर आहे.

वापरताना घ्यावयाची काळजी

रोशा तेल थेट त्वचेवर लावू नये. तिळाच्या, खोबऱ्याच्या किंवा तत्सम तेलात ते मिसळून घ्यावे. अंगाच्या मालिशसाठी १ ते २ टक्के, चेहऱ्यासाठी त्याहून निम्मे प्रमाण पुरते. एका मिलिलिटरचे सुमारे २० थेंब धरल्यास ३० मिलिलिटर तेलात ६ थेंब म्हणजे १ टक्का होतो. थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडाप्रमाणे बदलतो, म्हणून शंका असल्यास थेंब कमीच घ्यावेत. खानदेशात भुईमुगाचे तेल घरोघरी असते, तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीसाठी ते मालिशला वापरू नये.

जिरॅनिऑल हे त्वचेला ॲलर्जी निर्माण करू शकणाऱ्या परिचित सुगंधद्रव्यांपैकी एक आहे. युरोपीय संघाने २००३ मध्ये ज्या २६ सुगंधी घटकांची नावे सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक केले, त्यांत त्याचा समावेश आहे. अशी ॲलर्जी पहिल्याच वेळी दिसेल असे नाही. कित्येक वापर सुखरूप पार पडल्यानंतर एखाद्या दिवशी खाज, लाली वा पुरळ उठते. एकदा ती जडली की सहसा जन्मभर राहते आणि मग जिरॅनिऑल असलेले साबण, अत्तरे व क्रीमही त्रास देऊ लागतात. ‘रोज लावत होतो, कधी काही झाले नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. नवे तेल वापरण्यापूर्वी पातळ केलेल्या तेलाचा थेंब कोपराच्या आतील बाजूस लावून एक-दोन दिवस पाहावे. पुरळ उठल्यास वापर थांबवावा. त्यावर आणखी तेल चोळून ‘मुरू देणे’ हा उपाय नव्हे. लिंबूवर्गीय सालींच्या काही तेलांप्रमाणे उन्हात त्वचा भाजण्याचा दोष मात्र या तेलात नाही.

भेगाळलेली, सोललेली वा जखमी त्वचा तेल अधिक शोषून घेते आणि तेथे आगही होते. पावसाळ्यात शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या चिखल्यांवर निव्वळ तेल लावल्यास आराम पडण्याऐवजी कातडी पोळू शकते. मधुमेही व्यक्तीच्या पायांबाबत तर विशेष दक्षता हवी. संवेदना कमी झालेल्या पायाला जळजळ वेळीच कळत नाही.

दोन वर्षांखालील बालकांना हे तेल लावू नये. टाळू भरताना किंवा तान्ह्या बाळाच्या मालिशच्या तेलातही ते मिसळू नये. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापर टाळावा. दम्याच्या रुग्णास तीव्र वासाने धाप लागू शकते. खोलीत गंध दरवळवायचा असल्यास खिडकी उघडी ठेवून थोडा वेळच तसे करावे. घरात मांजर असल्यास अधिक जपावे, कारण अशा तेलांचे घटक शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता कमी असते.

शुद्धता व साठवण

टर्पेंटाइन त्वचेला दाहक व ॲलर्जीकारक असल्याने भेसळ ओळखणे अगत्याचे ठरते. तेलाचा एक थेंब टीपकागदावर टाकून कागद वाळू द्यावा. तेलकट डाग कायम राहिला, तर त्यात खाद्यतेल मिसळले असल्याचा संशय घ्यावा. शुद्ध रोशा तेल ७० टक्के अल्कोहोलच्या दुप्पट-तिप्पट आकारमानात स्वच्छ विरघळते. मिश्रण गढूळ झाल्यास भेसळ संभवते. टर्पेंटाइन स्वतः उडून जाणारे असल्यामुळे टीपकागदाच्या परीक्षेत ते सापडत नाही, आणि कृत्रिम जिरॅनिऑल तर या दोन्ही परीक्षांतून निसटते. त्यासाठी प्रयोगशाळेतील वायुवर्णलेखन लागते. वेष्टनावर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पादक व तुकडी क्रमांक नसलेले तेल मालिशसाठी घेऊ नये.

मोतियाची आता शेतीही होते. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (सीमॅप) ‘तृष्णा’, ‘पीआरसी-१’ यांसारखे वाण विकसित केले आहेत. लागवडीच्या तेलाचा दर्जा रानातून गोळा केलेल्या मिश्र गवताच्या तेलापेक्षा सहसा एकसारखा राहतो.

हवेशी संपर्क आला की जिरॅनिऑलचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि तयार होणारी द्रव्ये मूळ तेलाहून अधिक ॲलर्जीकारक असतात. उष्णतेने ही क्रिया वेगाने घडते. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे अर्धी रिकामी प्लास्टिकची बाटली खिडकीत ठेवल्यास तेल बिघडण्यास फार वेळ लागत नाही. गडद रंगाच्या काचेच्या, शक्यतो भरलेल्या लहान बाटलीत, घट्ट बूच लावून, थंड जागी व चुलीपासून दूर तेल ठेवावे. वास आंबूस किंवा उग्र झालेले जुने तेल अंगाला लावू नये.

तेल डोळ्यांत गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत व डॉक्टरांना दाखवावे. मुलाने तेल प्यायल्यास त्याला ओकारी काढायला लावू नये. ओकताना तेल श्वासनलिकेत उतरल्यास फुप्फुसांना इजा होते. बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात जावे.