जागा देतो, जरा थांबा

'सेव्ह' केलं की फाइल डिस्कवर गेली, असं आपण धरून चालतो. खरं तर ती तेव्हा बहुधा रॅममध्येच असते. लिनक्सवर बदललेला मजकूर कॅशमध्ये ३० सेकंद सहज पडून राहतो. एक्स्ट४ या फाइलसिस्टमचा आळस त्याच्याही पुढचा. डिस्कवरचे नेमके कुठले ब्लॉक द्यायचे, हेही ती तोवर ठरवत नाही. लागतील तेवढे ब्लॉक मोकळ्या जागेच्या हिशेबातून वजा करून ठेवते, म्हणजे ऐनवेळी 'डिस्क भरली' म्हणायची पाळी येत नाही.

हा आळस फायद्याचा आहे. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चार-चार किलोबाइट लिहीत असतील आणि ब्लॉक लगोलग वाटले, तर दोन्ही फायलींचे तुकडे एकमेकांत मिसळतात. पंगतीला माणसं किती ते कळलं की पानं सलग मांडता येतात, तसंच इथेही. एक्स्ट४ एका नोंदीत १२८ मेगाबाइटपर्यंतचा सलग पट्टा देऊ शकते. लिहिली, वापरली, लगेच पुसली अशा तात्पुरत्या फायलींना तर डिस्कवर जागा द्यावीच लागत नाही. कल्पना जुनीच, सिलिकॉन ग्राफिक्सच्या एक्सएफएसमध्ये ती १९९०च्या दशकापासून आहे.

डिसेंबर २००८मध्ये एक्स्ट४ स्थिर म्हणून कर्नेलमध्ये आली. पुढच्याच वर्षी उबुंटू ९.०४ची चाचणी घेणाऱ्यांकडून ओरड सुरू झाली: संगणक मध्येच बंद पडला की सेटिंगच्या फायली शून्य बाइटच्या! प्रोग्रॅम नवा मजकूर वेगळ्या फाइलमध्ये लिहीत आणि तिला जुन्या फाइलचं नाव देत. नावातला बदल जर्नलमध्ये, म्हणजे फाइलसिस्टमच्या बदलांच्या नोंदवहीत, पाचेक सेकंदांत पक्का होई, मजकुराला मात्र अजून ब्लॉकच मिळालेले नसत. तेवढ्यात वीज गेली की नाव शाबूत आणि आत काहीच नाही. आधीच्या एक्स्ट३मध्ये नेहमीच्या मांडणीत मजकूर आधी डिस्कवर जाई, जर्नलची नोंद मागाहून. म्हणून हा घोळ तोवर झाकून राहिला होता.

एक्स्ट४चे प्रमुख विकासक थिओडोर त्सो यांचं म्हणणं, मजकूर लगेच डिस्कवर लिहायला लावणारी 'एफसिंक'ची आज्ञा दिल्याशिवाय हमी गृहीत धरूच नये. नियमानं ते बरोबरच. पण एक्स्ट३वर एका फाइलच्या एफसिंकसाठी इतरांचाही साचलेला मजकूर लिहिला जाई आणि संगणक अडखळे. प्रोग्रॅमर ती टाळायला शिकले, यात सगळा दोष त्यांचा कसा?

अखेर कर्नेल २.६.३०मध्ये तोड निघाली. जुन्या फाइलच्या जागी नवी आली, की आळस सोडून ब्लॉक तिथल्या तिथे दिले जातात. कोऱ्या नावाच्या फाइलला ही सवलत नाही. तिच्यासाठी आजही एफसिंकच करावं लागतं.