पोटातल्या बाळाचं ताट



विषय डॉक्टरांचा आणि बोलायला तत्त्वज्ञानवाला, हे कसं, असं कुणाच्या मनात येईल. म्हणून सुरुवात आमच्याच विषयातून करतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की पंधरा दिवस जेवू नकोस, फक्त पाणी पी. त्यानंतर म्हणतो, आता वेद म्हणून दाखव. एवढा शिकलेला पोरगा, पण काही आठवेना. मग तो जेवला आणि सगळं पुन्हा आठवलं. मन अन्नावर उभं आहे, हे बापानं असं पटवलं.

पण इथं एक गोष्ट लक्षात घ्या. श्वेतकेतू जेवला आणि सावरला, कारण त्याचा मेंदू आधीच घडलेला होता. ज्याचा मेंदू अजून घडायचाच आहे, त्या पोटातल्या बाळाचं काय? त्याला वेगळं ताट नसतं. आईचं ताट तेच त्याचं ताट. त्या ताटात काय असावं, केव्हा असावं आणि ते वाढायचं कुणी, या तीन प्रश्नांवर आज बोलू.

आधी 'केव्हा' घेऊ, कारण आपली चूक बहुतेक तिथंच होते. गर्भ राहिल्यावर साधारण 28 दिवसांत एक नळी मिटून तयार होते. तिच्यातूनच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीला किंवा डोक्याला गंभीर व्यंग येतं. ज्या स्त्रियांना आधी असं मूल झालं होतं, त्यांना दिवस जाण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं मूल होण्याचं प्रमाण जवळजवळ तीन-चतुर्थांशानं घटलं. ब्रिटनमधून चाललेल्या मोठ्या चाचणीचा हा निष्कर्ष 1991 साली प्रसिद्ध झाला.

आता हिशेब करा. 28 दिवस म्हणजे पाळी चुकली की नाही, हेच घरात अजून बोललं जात नसतं. आपण डोहाळजेवण करतो सातव्या महिन्यात. जरूर करावं, त्या बाईचं कौतुक व्हायलाच हवं. पण मेंदूचा पाया तोवर कधीचाच भरून झालेला असतो.

आता 'काय'. पहिलं आयोडीन. बाळाच्या मेंदूला थायरॉइडचं संप्रेरक लागतं आणि सुरुवातीचे महिने ते आईकडूनच येतं. आयोडीनची फार कमतरता राहिली तर मुलाची बुद्धी कायमची खुंटते. म्हणून उघडं खडे मीठ नको, आयोडीनचं मीठ घ्या आणि डबा झाकून ठेवा. दुसरं लोह. रक्त कमी असेल तर बाळाला प्राणवायू कमी पोचतो आणि स्मरण व लक्ष सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांनाही लोह लागतंच. महाराष्ट्रात जवळजवळ निम्म्या गरोदर बायांना रक्तक्षय आहे. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, पण ती चहासोबत घेतली की अंगी कमी लागते. लिंबूपाण्यासोबत घ्या.

तिसरं जीवनसत्त्व बी-12. मेंदूतल्या तंतूंवर तारेवर असतं तसं एक वेष्टन असतं. ते घडायला हे जीवनसत्त्व लागतं. अंबाडी, तरोटा, शेवगा या आपल्या भाज्या गुणाच्या आहेत, त्यांतून फोलेट मिळतं. पण बी-12 भाजीत नाही, तुरीच्या वरणातही नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतच असतं. घर माळकरी असेल तर दूध-दही रोज हवं आणि कमी पडत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी.

हे सांगायला विलायतेचाच दाखला लागतो असं नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. बायांचं खाणं मोजलं, बाळं मोजली. ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं अंगानं चांगली निघाली. बहुतेक आयांच्या रक्तात बी-12 मात्र कमी होतं. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या काहींची चाचणी घेतली. विखुरलेले आकडे क्रमानं जोडायचे, ऐकलेले आकडे उलटे म्हणायचे. गरोदरपणी ज्यांच्या आईचं बी-12 फार कमी होतं, ती मुलं यात मागे पडली. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे मूल 'ढ' नव्हतं, त्याचं लक्ष टिकायला जड जात होतं. शाळेत अशा मुलाला आपण काय म्हणतो? आळशी, चंचल, द्वाड.

तीच मुलं मोठी झाल्यावर, 2012 पासून, त्यांना लग्नाआधीच बी-12 दिलं गेलं. रोज फक्त 2 मायक्रोग्रॅम. त्यांच्या पोटी आलेली बाळं दोन वर्षांची असताना तपासली. नुसतं बी-12 मिळालेल्या गटातली बाळं आकलनात आणि भाषेत, काहीच न मिळालेल्या गटाहून पुढे होती. बाळांची संख्या मोठी नव्हती, पण दिशा स्पष्ट आहे. मुलाच्या मेंदूची काळजी मुलगी शाळेत असतानाच घ्यावी लागते.

वागणुकीचं काय? 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्यानं पश्चिम हॉलंडचं अन्न अडवलं आणि माणशी शिधा दिवसाला 1000 कॅलरीच्याही खाली गेला. त्या काळात पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची झाल्यावर सैन्यभरतीच्या तपासणीत बुद्धीनं कमी निघाली नाहीत. पण ऐन दुष्काळात गर्भ राहिलेल्या मुलांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. ज्या मुलग्यांच्या आया पहिल्या सहा महिन्यांत उपाशी होत्या, त्यांच्यात समाजविघातक स्वभावाचं प्रमाणही जास्त होतं. तरी बहुसंख्य मुलं चांगलीच निघाली, हेही तितकंच खरं. आमच्या तर्कशास्त्राच्या भाषेत, कारणानं इथं शक्यता वाढते, फळ ठरून जात नाही. म्हणून कुणाच्या मुलाकडे बघून 'हे पोटातच बिघडलं' असं म्हणू नका. जन्मानंतरचं दूध, खाणं, बोलणं, खेळणं, शाळा यांनी पुष्कळ सावरतं.

राहिला तिसरा प्रश्न, वाढायचं कुणी. ही सगळी माहिती ऐकून घरातले लोक आईलाच बोल लावतात, 'तू नीट खाल्लं नाहीस'. हा अन्याय आहे. दिवसभर निंदण, कापूस वेचणी करून आलेली बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते आणि तोवर भाजीचा रस्साच उरलेला असतो. त्यात भर म्हणून सांगतात, 'जास्त खाशील तर बाळ मोठं होईल, बाळंतपण अडेल'. कमी खाल्ल्यानं बाळंतपण सोपं होत नाही, बाळ अशक्त होतं आणि आईही.

सरकारनं 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजना आणली, अंगणवाडीत एक वेळचं चौरस जेवण. आपल्या भागातल्या कोलाम, गोंड बायांचा तो हक्क आहे, तो सोडू नका. पण नाव नोंदवल्यावर सुरू होणारं जेवण त्या पहिल्या 28 दिवसांना गाठू शकत नाही. ते घरानंच गाठायचं आहे. पोराला अंडं आणि पोरीला नाही, हा भेद तिच्या बाराव्या-तेराव्या वर्षी मोडला, तर पुढच्या पिढीच्या मेंदूवर त्याचा परिणाम होईल.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. सून गरोदर असो की नसो, लेक लहान असो की मोठी, सगळ्यांबरोबरच जेवायला बसवा. दुधाचा पेला आणि अंडं तिच्याही ताटात असू द्या.